आनुवंशिकता, धूम्रपान आणि थायरॉइड: नाशिकमधील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

जानेवारीचा दुसरा आठवडा होता आणि निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या. अशा थंडीत अंबड औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून काम करणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात तपासणीला आले. सोबतच्या पत्नीने स्वेटरवर शाल गुंडाळली होती. "रात्री पंखा लावून झोपतात, डॉक्टर. आम्ही गारठतो आणि ह्यांना घाम फुटतो," ही पत्नीची पहिली तक्रार. त्यांची स्वतःची तक्रार मात्र निराळीच होती. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेण्यात ज्यांचा हात सव्वीस वर्षे कधी चुकला नाही, त्यांच्या बोटांत मायक्रोमीटर आता स्थिर राहत नव्हता, माप दर वेळी वेगळे येत होते आणि जॉब परत येऊ लागल्यामुळे सुपरवायझरने त्यांना मशीनवरून काढून पॅकिंगला बसवले होते. आजारापेक्षा हा अपमान त्यांना जास्त लागला होता, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते.

पाच महिन्यांत त्यांचे वजन ७१ किलोवरून ६१ वर आले होते. भूक वाढलेली, दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागे, जिना चढताना छातीत धडधड होई. वजन उतरते म्हणून त्यांनी साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली, आणि बाकीचे सारे त्यांनी अंगावर काढले. डोळे सप्टेंबरपासूनच लाल होते, चुरचुरत होते आणि त्यांतून सतत पाणी येत होते. मशीनवरच्या कूलंटचे तुषार डोळ्यांत जात असतील असा त्यांचा समज होता. ॲलर्जी समजून दोन महिने थेंबही घातले गेले. तपासणीला येण्याच्या आदल्या आठवड्यात द्वारका चौकात मोटरसायकलवर असताना समोरच्या ट्रकच्या दोन नंबरपट्ट्या दिसल्या, शेजारी-शेजारी नव्हे तर एकीवर एक. तेव्हापासून ते एक डोळा मिटून गाडी चालवत होते. ही गोष्ट त्यांनी पत्नीलाही सांगितली नव्हती, ती माझ्या खोलीत पहिल्यांदा बाहेर आली आणि काही क्षण कोणीच काही बोलले नाही.

वर-खाली दिसणाऱ्या या दोन प्रतिमांनी निदानाचा निम्मा रस्ता दाखवला. थायरॉइडशी निगडित नेत्रविकारात डोळा खाली ओढणारा स्नायू सर्वांत जास्त सुजतो आणि ताठरतो, त्यामुळे डोळा वर फिरायला अडतो. बसल्या जागी नाडी मिनिटाला ११६ होती, पुढे धरलेल्या बोटांना बारीक कंप होता, गळ्यातली ग्रंथी दोन्ही बाजूंनी सारखी वाढलेली होती आणि तिच्यावर स्टेथोस्कोप ठेवला की रक्तप्रवाहाचा सूं-सूं आवाज ऐकू येत होता. वरच्या पापण्या इतक्या मागे सरकल्या होत्या की बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसत होता. लहान मुले आपल्याला घाबरतात, असे ते कसनुसे हसत म्हणाले. रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे आणि ग्रंथी जादा काम करू लागली की उतरणारे मेंदूतले संप्रेरक, ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, प्रति डेसिलिटर ४.८ नॅनोग्रॅम, म्हणजे सामान्य कमाल मर्यादेच्या जवळपास तिप्पट, आणि टीएसएचच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसणारी प्रतिपिंडे १४ एकक, जी पावणेदोनच्या आत असायला हवीत. ग्रेव्हज रोगाच्या, म्हणजे शरीराच्याच प्रतिपिंडांनी थायरॉइड भडकवण्याच्या आजाराच्या, निदानाला याहून अधिक काही लागत नाही. दाहाची सक्रियता मोजणाऱ्या सात गुणांच्या मोजपट्टीवर डोळ्यांना चार गुण मिळाले, तीन किंवा अधिक गुण आले की आजार सक्रिय मानतात. खोबणीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेपासून मोजला तर उजवा डोळा २२ मिलिमीटर पुढे होता, डावा २१.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून ते विडी ओढत होते. अलीकडे दिवसपाळीला सिगारेट आणि रात्रपाळीला विडी अशी वाटणी झाली होती आणि दोन्ही मिळून आकडा रोज पंधरा-सोळावर जाई. ही माहिती मी विचारल्यावर मिळाली, आपणहून नाही. याला एक कारण आहे आणि ते आमच्या बाजूचेही आहे. थायरॉइडचे बहुतेक रुग्ण स्त्रिया असतात आणि आपल्याकडे स्त्रिया फारशा धूम्रपान करत नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के लोक बिनधुराचा तंबाखू वापरणारे आढळले. त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीत विडी-सिगारेटचा प्रश्न विचारण्याची सवयच हाताला राहत नाही आणि जिथे तो विचारायलाच हवा तिथेही तो राहून जातो.

घराण्याचा आलेख

कुटुंब मूळचे सिन्नर तालुक्यातले. आईने तीस वर्षे घरी बसून विड्या वळल्या. टेंभुर्णीची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, चिमूटभर जर्दा भरून वळायची आणि दोरा बांधून पंचवीस-पंचवीसचे कट्टे लावायचे, हे काम त्या भागात घरोघरी चालत असे. त्या माउलीने स्वतः एकही विडी ओढली नाही. तिच्या गळ्याला साठीनंतर सूज दिसू लागली, तपासणीत ग्रंथी मंद झालेली निघाली, तेव्हापासून ती थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, गोळी घेते. रुग्णाची थोरली बहीण ५२ वर्षांची आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर आलेला थकवा आणि गळालेले केस बाळंतपणाचेच म्हणून वर्षभर सोडून दिले गेले, नंतर हाशिमोटोचे, म्हणजे संरक्षक यंत्रणेच्या हल्ल्याने ग्रंथी मंद होण्याच्या आजाराचे, निदान झाले आणि आज ती रोज ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनवर ठणठणीत आहे. मावशीच्या हातापायांवर कोड आहे. कोडाचा थायरॉइडशी काही संबंध असेल असे घरात कोणाला वाटलेच नव्हते, मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते ती ज्या कारणांनी, त्यांतली काही कारणे या दोन आजारांत समान आहेत आणि एकाच घरात दोन्ही आढळणे नवलाचे नाही.

वडील दहा वर्षांपूर्वी गेले. आयुष्यभर त्यांनी विडी ओढली, थायरॉइडचा त्रास त्यांना कधी झाला नाही.

हा आलेख मी कागदावर काढून दाखवला तेव्हा रुग्णाच्या थोरल्या बहिणीने, जी या भेटीला मुद्दाम आली होती, ताबडतोब निकाल दिला. "बघा ना डॉक्टर, आईला आहे, मला आहे, आता भावाला झाला. आमच्या रक्तातच आहे हे. बाबांनी जन्मभर विडी ओढली, त्यांना कुठे काय झालं? उगाच विडीला का नावं ठेवायची?" रुग्णाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी सुटका दिसली ती मी विसरलेलो नाही. रक्तातच आहे म्हटले की दोष कोणाचाच राहत नाही आणि खिशातले पाकीट खिशातच राहते.

ताईंचा युक्तिवाद अर्धा बरोबर होता आणि तोच त्यातला धोका. वडिलांकडे धूर होता, आईच्या माहेरचा वारसा नव्हता. आईकडे आणि बहिणीकडे वारसा होता, धूर नव्हता, त्यांना ग्रंथी मंद करणारा आजार झाला आणि डोळे शाबूत राहिले. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या फक्त या गृहस्थांच्या वाट्याला, आणि त्यांना ग्रंथी भडकवणारा ग्रेव्हज झाला, तोही डोळ्यांसकट. हा चौकोन इतका नेटका जुळतो की सांगायचा मोह होतो. मी तो तसाच सांगून टाकला असता तर ताईंनी एका वडिलांवरून काढलेल्या निष्कर्षाला मी एका कुटुंबावरून काढलेल्या निष्कर्षाने उत्तर दिले, एवढेच झाले असते. चार माणसांवरून कारण सिद्ध होत नाही.

ज्या ठिकाणी हा प्रश्न खरोखर तपासला गेला ती जागा डेन्मार्कमध्ये आहे. तेथील जुळ्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीवरून झालेल्या अभ्यासांत एकबीज जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज झाला तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आढळले, द्विबीज जुळ्यांत ते जेमतेम ३ टक्के होते. यातला पहिला आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. द्विबीज जुळ्यांच्या तुलनेत तो प्रचंड आहे, म्हणून वारसा निर्विवाद आहे. पण जनुके तंतोतंत सारखी असूनही दर तीन जुळ्या भावंडांपैकी साधारण दोघे सुटतात, म्हणजे आजार प्रत्यक्ष उमटायला वारशाव्यतिरिक्त आणखी काहीतरी लागते.

त्याच जुळ्यांच्या आकड्यांवरून ग्रेव्हजची आनुवंशिकता ७९ टक्के काढली गेली. हा आकडा रुग्णाच्या मुलाने, जो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या भेटीला मोबाइलवर शोधून आणला आणि विचारले, "म्हणजे पप्पांच्या आजारात सिगारेटचा वाटा फार तर २१ टक्के, बरोबर?" प्रश्न हुशार होता, त्यातले गणित मात्र चुकीचे होते. दिंडोरीकडचे त्यांचे मामा द्राक्षबागायतदार आहेत, म्हणून मी त्यांच्याच बागेचा आधार घेतला. एका प्लॉटमध्ये दोन वाणांच्या वेली आहेत आणि सगळ्यांना ठिबकने सारखेच पाणी मिळते. त्या प्लॉटमधल्या घडांच्या वजनात जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा वाणाचा असेल आणि आनुवंशिकता ९० टक्क्यांच्या घरात निघेल. म्हणून द्राक्षाला पाणी फक्त दहा टक्के लागते असे मामा म्हणतील का? आनुवंशिकतेची टक्केवारी ही एका समूहातल्या माणसामाणसांमधील फरकाची वाटणी असते, एका माणसाच्या आजाराची नव्हे. जुळी भावंडे बहुधा एकत्र वाढतात, बऱ्याचदा एकमेकांचे पाहूनच सिगारेट धरतात, आणि जनुकांमुळे धुराला अधिक बळी पडणे हेही या हिशेबात जनुकांच्याच खात्यावर जमा होते.

धुराचा वाटा वेगळा काढायचा तर जनुके सारखी ठेवून बघावे लागते, आणि डेन्मार्कमध्ये तेही केले गेले. ज्या जुळ्यांपैकी एकाला थायरॉइडचा आजार झाला आणि दुसऱ्याला झाला नाही अशा जोड्या घेऊन दोघांच्या धूम्रपानाची तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. धूम्रपानाचा संबंध सुमारे तिप्पट धोक्याशी आढळला आणि एकबीज जोड्यांतही तो टिकून राहिला. आई तीच, गर्भ तोच, गुणसूत्रे तीच, फरक सिगारेटचा. बहिणीच्या युक्तिवादाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

डोळ्यांच्या बाबतीत चित्र आणखी ठळक आहे. १९९३ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत साध्या ग्रेव्हजचा धोका जवळपास दुप्पट आणि डोळ्यांसह ग्रेव्हजचा धोका साडेसात पटींहून अधिक आढळला होता. ग्रेव्हज झालेल्यांपैकी कोणाचे डोळे बिघडतील हे जनुकांवरून आज सांगता येत नाही. पुरुष असणे, वय पन्नाशीकडे झुकलेले असणे आणि धूम्रपान, या गोष्टी आजार तीव्र होण्याकडे बोट दाखवतात. पहिल्या दोन बदलता येत नाहीत. खोबणीतल्या तंतुपेशींवर टीएसएचचा ग्राहक असतो, प्रतिपिंडे तिथे बसली की त्या पेशी पाणी धरून ठेवणारा हायल्युरोनिक आम्लाचा लगदा तयार करतात आणि काही पेशी चक्क चरबीच्या पेशी बनतात. प्रयोगशाळेत अशा पेशींवर सिगारेटच्या धुराचा अर्क टाकला की या दोन्ही क्रिया वाढतात. खोबण हाडांची असल्यामुळे वाढलेल्या मांसाला जागा फक्त पुढे असते.

विडी पानाची असते, तिला कागद नसतो, म्हणून ती सौम्य, असे रुग्णाचे मत होते आणि आईच्या हातची विडी म्हणजे जणू घरचे अन्न असा एक भावही त्यामागे होता. टेंभुर्णीचे पान कागदासारखे आपोआप जळत राहत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोरात घ्यावे लागतात, त्यामुळे आकाराने लहान असूनही तिच्यातून मिळणारे निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते. धुरातल्या सायनाइडपासून यकृतात थायोसायनेट तयार होते आणि ते ग्रंथीत शिरणाऱ्या आयोडीनची वाट अडवते. ज्या प्रदेशात आयोडीन मुळातच कमी, तिथे धूम्रपान करणाऱ्यांत गलगंड अधिक दिसतो तो यामुळे. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात हा मुद्दा मागे पडतो.

उपचार, पाडवा आणि लग्नातले ताट

ग्रंथीला आवर घालणाऱ्या कार्बिमॅझोलच्या ३० मिलिग्रॅमने सुरुवात केली, धडधड आणि कंप थांबवायला प्रोप्रॅनोलॉल दिले. घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, कारण हजारात दोन-पाच जणांत या औषधाने त्या धोकादायक पातळीपर्यंत उतरतात, हे पत्नीला लिहून दिले. किरणोत्सारी आयोडीनचा सोपा वाटणारा पर्याय बाजूला ठेवला. त्या उपचारानंतर डोळे बिघडू शकतात आणि असे बिघडणाऱ्यांत धूम्रपान करणारे पुढे असतात, हे १९९८ च्या इटलीतील चाचणीपासून माहीत आहे. मोटरसायकल बंद केली. डोळ्यांसाठी यकृताच्या आणि साखरेच्या तपासण्या करून फेब्रुवारीपासून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले, सहा आठवडे दर आठवड्याला ५०० आणि पुढचे सहा आठवडे २५० मिलिग्रॅम.

पहिल्या सलाइनच्या दिवशी मी त्यांना सांगितले की ओढणाऱ्यांच्या डोळ्यांवर हेच औषध कमी चालते. त्यांनी पाकीट काढून पत्नीच्या हातात दिले. पुढच्या आठवड्यात सदऱ्याला वास होताच.

इथे माझी एक चूक नोंदवायला हवी. पहिल्या दोन भेटींत मी त्यांना सत्तावीस वर्षांच्या धूम्रपानाचा एकूण हिशेब सांगत राहिलो. त्याचा परिणाम उलटा झाला. "आता काय, व्हायचं ते होऊन गेलं," असे ते म्हणू लागले. डोळ्यांच्या आजारापुरते बोलायचे तर एकूण हिशेबापेक्षा आज रोज किती ओढतो हा आकडा महत्त्वाचा आहे, रोजच्या संख्येबरोबर धोका चढतो आणि सोडणाऱ्यांत तो बराच खाली येतो. २००२ च्या एकत्रित विश्लेषणात ग्रेव्हजचा धोका ओढणाऱ्यांत ३.३ पट, तर सोडलेल्यांत १.४ पट होता. मागचे पुसता येत नाही, पण या आजाराला मागच्यापेक्षा चालू खाते जास्त दिसते, असे तिसऱ्या भेटीला सांगितल्यावर ते पहिल्यांदा पुढे झुकून ऐकू लागले. सोडण्याची तारीख त्यांनी स्वतः ठरवली, गुढीपाडवा. तलफ येईल तेव्हा चघळायला दोन मिलिग्रॅमचे निकोटिनचे च्युइंगम दिले आणि १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. खरा अडथळा रात्री अडीचचा चहा होता. टपरीवर उभे राहिले की हात आपोआप खिशाकडे जाई. मग त्यांनी चहाचा थर्मास घरून न्यायला सुरुवात केली. माझ्या कोणत्याही औषधापेक्षा थर्मासने जास्त काम केले असे मला वाटते.

मेमध्ये गावी पुतणीचे लग्न होते. मांडवात पान, सुपारी आणि विड्यांचे ताट फिरले, पाहुण्यांच्या हातून एक घेतली आणि पुढचे दहा दिवस सवय परत आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा आले, या वेळी न विचारता सांगितले. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी धूर घेतलेला नाही. पत्नी याला दुजोरा देते आणि तिचे नाक माझ्यापेक्षा तिखट आहे.

पावसाळ्यापर्यंत डोळ्यांची लाली आणि हलवताना होणारे दुखणे गेले, सक्रियतेचा गुण चारवरून एकवर आला. उजवा डोळा २२ वरून २१ मिलिमीटर झाला, एवढाच. दाह विझतो, पण पुढे आलेला डोळा औषधाने फारसा मागे जात नाही, हे आधी सांगून ठेवले नसते तर ते निराश झाले असते. दोन प्रतिमा आता फक्त अगदी वर पाहताना दिसतात. ऑगस्टमध्ये त्यांना मशीन परत मिळाले. स्टेरॉइडमुळे डोळे सुधारले की विडी सुटल्यामुळे, याचे उत्तर एका रुग्णात काढता येत नाही आणि मी ते काढत नाही.

वीस महिन्यांनंतर

कार्बिमॅझोल अठरा महिने चालले. प्रतिपिंडे १.१ वर आल्यावर ते थांबवले. सात महिन्यांनी, म्हणजे धूर सोडल्याला वीस महिने झाले तेव्हा, ते जडपणा आणि झोपेची तक्रार घेऊन आले. टीएसएच ११.६ निघाले, फ्री टी४ खालच्या मर्यादेच्या खाली आणि टीपीओ प्रतिपिंडे, म्हणजे हाशिमोटोत सहसा आढळणारी, ग्रंथीतल्या एका विकराविरुद्धची प्रतिपिंडे, भरपूर. भडकलेली ग्रंथी आता मंद झाली होती. टीएसएचच्या ग्राहकावरची प्रतिपिंडे पुन्हा तपासली, ती नकारात्मकच होती.

या भेटीला ताई पुन्हा हजर होत्या. "विडी सोडली आणि हा दुसरा आजार लागला. ओढत होता तोवर हा तरी नव्हता."

या वाक्याला हसून उडवून लावणे सोपे होते आणि तसे करणे अप्रामाणिक ठरले असते. कारण धूम्रपान करणाऱ्यांत टीपीओ प्रतिपिंडे न ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळतात, हे अनेक देशांतील सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. थायरॉइडच्या रुग्णांच्या निरोगी नातेवाईक स्त्रियांवर ॲमस्टरडॅममध्ये झालेल्या अभ्यासातही तेच दिसले. आणि डेन्मार्कच्या आकडेवारीत धूम्रपान सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ग्रंथी मंद होण्याचा धोका ठळकपणे वाढून नंतर उतरतो असे आढळले आहे. वारसा तोच असताना धूर आजाराला एका दिशेला ढकलतो आणि दुसऱ्या दिशेला काहीसा रोखतो. बहिणीला हाशिमोटो आणि भावाला ग्रेव्हज असे एकाच घरात का होते, यामागे असलेल्या अनेक कारणांपैकी हे एक असू शकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ग्रेव्हजचे औषध थांबल्यावर काही रुग्णांची ग्रंथी पुढे आपोआप मंद होते, सिगारेट कधीही न ओढलेल्यांचीही. या गृहस्थांत कोणते कारण किती, हे वेगळे करता येणार नाही. मी ताईंसमोर दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. एकीकडे सकाळी उपाशीपोटी घ्यायची, स्वस्त, गेली पंचवीस वर्षे त्या स्वतः घेत असलेली एक गोळी. दुसरीकडे सक्रिय ग्रेव्हज असलेला, पुढे आलेला डोळा, ज्यात क्वचित दृष्टीचा मज्जातंतू दाबला जाऊन नजर जाते, आणि त्याशिवाय हृदय, फुप्फुसे आणि तोंड. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारले की त्यांच्या सकाळच्या मशेरीचे काय. वर दिलेले सारे आकडे धुराचे आहेत, त्यांवरून मशेरीला ना दोष देता येतो ना ढाल मिळते, आणि मशेरी सोडायला तोंडाचा कर्करोग हे एकच कारण पुरे आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम लगेच सुरू केले, कारण ज्यांचे डोळे एकदा बिघडले आहेत त्यांत टीएसएच वर रेंगाळू देणेही डोळ्यांना मानवत नाही.

मुलगा आणि मुलगी

मुलाला जनुकीय चाचणी हवी होती. लाळेच्या नमुन्यावर घरबसल्या अहवाल देणाऱ्या संचाची जाहिरात त्याने पाहिली होती. एचएलए-डीआर३, सीटीएलए-४, पीटीपीएन२२ ही या आजाराशी जोडलेल्या जनुकांची नावे त्याला पाठ होती. चाचणी करू नये असे मी सुचवले आणि कारण दिले. यांतला प्रत्येक प्रकार धोका थोडाथोडाच वाढवतो, तोच प्रकार असंख्य निरोगी माणसांतही असतो, आणि अहवाल कसाही आला तरी पुढे करायचे तेच असते. आई-वडिलांची, आत्याची माहिती हाच त्याच्या घराचा सर्वांत उपयोगी जनुकीय अहवाल आहे आणि तो आधीच माझ्या फाइलमध्ये आहे. त्याचे टीएसएच सामान्य आहे, टीपीओ प्रतिपिंडे नाहीत. वसतिगृहात सिगारेट ओढतो का, हे मी वडिलांना बाहेर बसवून विचारले. "कधीकधी, परीक्षेच्या वेळी," असे उत्तर आले. वडिलांना मी ते सांगितलेले नाही, त्याला मात्र आत्ताच सांगून ठेवले की त्याच्या घरात 'कधीकधी'ची किंमत त्याच्या मित्रांच्या घरापेक्षा जास्त आहे.

मुलगी १७ वर्षांची. टीएसएच ३.४, म्हणजे सामान्य, पण टीपीओ प्रतिपिंडे आढळली. तिला आजार नाही आणि गोळीही नाही, एवढे तिच्या आईला तीनदा सांगावे लागले. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे १९७२ ते १९७४ या काळात २,७७९ लोकांची थायरॉइड तपासणी झाली होती, आणि वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा माग काढला गेला तेव्हा टीएसएच सामान्य पण प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत ग्रंथी मंद होण्याचे प्रमाण वर्षाला २.१ टक्के, तर टीएसएचही वाढलेले असलेल्यांत ४.३ टक्के आढळले. मुलीचे टीएसएच वर्षातून एकदा पाहायचे, आणि पुढे कधी गर्भधारणा ठरली की त्याआधी एकदा व सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा पाहायचे, असे तिच्या कागदावर लिहिले आहे. मीठ बदलायचे नाही, हेही खाली लिहिले, कारण कोणा नातेवाइकाने त्या घरात आयोडीन बंद करून सैंधव सुरू करण्याचा सल्ला दिला होता.

शेवटच्या भेटीला चौघेही आले होते. टीएसएच २.३. उजवा डोळा अजून किंचित पुढे आहे, पापणी थोडी खाली आणण्याची शस्त्रक्रिया करायची का, हे वर्षभर आजार शांत राहिल्यावर ठरवू. निघताना गृहस्थांनी खिशातून मायक्रोमीटर काढला, माझ्या टेबलावरचे व्हिजिटिंग कार्ड त्यात धरले आणि तीन वेळा माप घेतले. तिन्ही वेळा ०.३१ आले.